लिंग्युला ओळखायची कशी? ओहोटीच्या चिखलापासून खडकातल्या ठशापर्यंत

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर एक बारीक फट असते, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. नीट पाहिलं तर त्या फटीत तीन भोकं दिसतात: दोन कडांना, एक मधोमध. आपली सावली पडली की भोकं मिटतात आणि चिखलावर नुसती रेघ उरते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शिंपलीच समजून खणायला बसले होते. शेजारी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत असलेल्या मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तिसरी नाय ती, सोड गो." त्यांचं बरोबर होतं. तो शिंपल्यांच्या गोतातला प्राणीच नव्हता.

ती होती लिंग्युला. ब्रॅकिओपॉड नावाच्या फार जुन्या प्राणिसंघातलं हे एक घराणं, शास्त्रीय नाव लिंग्युलिडी. या घराण्याचे काही सदस्य आजही चिखलात जिवंत आहेत, बाकीचे खडकात ठसे होऊन पडले आहेत. एकच घराणं दोन्ही ठिकाणी बघायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, म्हणून हा लेख दोन्ही वाटांनी जातो. आधी चिखल, मग खडक. वाटेत एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: नुसत्या आकारावर विश्वास ठेवू नका. लिंग्युलाच्या बाबतीत मोठमोठे अभ्यासक आकारालाच फसले आहेत.

आधी घराण्याची ओळख

ब्रॅकिओपॉड बाहेरून शिंपल्यासारखे दिसतात, दोन झडपांचं कवच असलेले. पण शिंपल्या मृदुकाय प्राणी आहेत आणि ब्रॅकिओपॉड नाहीत. त्यांच्या कवचात लोफोफोर नावाचा झालरीसारखा अवयव असतो. त्यावरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं आणि त्यातले अन्नकण गाळले जातात. आज ब्रॅकिओपॉडांच्या सुमारे ४०० जाती जिवंत आहेत. जीवाश्मांतून ओळखलेल्या जाती १२,००० हून अधिक आहेत. म्हणजे आपण भेटतो ते एका भल्यामोठ्या कुळाच्या उरलेल्या मोजक्या माणसांना.

लिंग्युलिडी घराण्यात आज दोनच जिवंत प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, आहेत. लिंग्युला हिंदी महासागरात आणि पश्चिम प्रशांत महासागरात सापडते. ग्लॉटिडिया फक्त अमेरिका खंडांच्या किनाऱ्यांवर. त्यामुळे फ्लॉरिडा किंवा कॅलिफोर्नियाला राहणाऱ्या मराठी वाचकांना किनाऱ्यावर असं काही दिसलं, तर ते ग्लॉटिडिया. दोघींतला फरक कवचाच्या आत कळतो. ग्लॉटिडियाच्या झडपांना आतून उभ्या पातळ भिंती असतात, एका झडपेत दोन आणि दुसरीत एक. लिंग्युलाची झडप आतून तशी मोकळी असते. बाहेरून बघून हे समजणार नाही, आणि इथूनच आकाराच्या फसवणुकीला सुरुवात होते.

लिंग्युला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी जीभ. आपल्याकडे सापडणाऱ्या जातीचं नाव लिंग्युला अनाटिना. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ते १८०१ मध्ये दिलं. अनाटिना म्हणजे बदकाची, कारण कवच बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि लांबट. त्याआधी, सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या हाती बहुधा एकच सुटी झडप होती आणि त्याने तिला खडकाला चिकटून बसणाऱ्या एकझडपी गोगलगाईंमध्ये घातलं होतं. नाव दिलं होतं नखावरून. झडप हातात धरली की त्याला दोष देववत नाही. ती खरोखर मोठ्या नखासारखी दिसते.

महाराष्ट्राशी या प्राण्याचं नातं जुनं आहे. १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रविषयक प्रबंधमालेत अवटी आणि क्षीरसागर यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या लिंग्युलावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं. जगभरचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. इकडच्या शाळा-कॉलेजांत मात्र लिंग्युला म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरणीतला एक पांढुरका नमुना, एवढीच ओळख असते. ती जिवंत आपल्याच खाड्यांत आहे हे कोणी सांगत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पहिली पायरी: घरी तिसऱ्यांवर हात बसवा

चिखलात जाण्याआधी ही तालीम घरीच करा. बाजारातून तिसऱ्या आणा. एक तिसरी अशी धरा की दोन झडपांमधली फट तुमच्याकडे येईल. आता फक्त उजवी झडप पाहा. तिचं टोक एका बाजूला कललेलं असतं. त्या झडपेच्या मधून उभी रेघ मारली तर दोन्ही भाग सारखे येत नाहीत. पण उजवी आणि डावी झडप मात्र एकमेकींची आरशातली प्रतिमा असते. शिंपलीचं शरीर आडवं झोपलेलं असतं, एक झडप उजव्या कुशीवर, एक डाव्या.

ब्रॅकिओपॉडांत हे बरोबर उलट असतं. एक झडप पाठीची, एक पोटाची. त्यामुळे प्रत्येक झडप मधल्या रेघेवर दोन सारख्या भागांत वाटली जाते, पण दोन झडपा एकमेकींसारख्या नसतात. बहुतेक ब्रॅकिओपॉडांत हा फरक लगेच दिसतो, पोटाची झडप मोठी आणि चोचीची. लिंग्युलात मात्र दोन झडपा जवळजवळ सारख्या असतात. पोटाची थोडी लांब आणि मागच्या टोकाला थोडी अधिक टोकदार, एवढाच फरक. म्हणून लिंग्युलासाठी दुसरा नियम बाजूला ठेवा आणि पहिला घट्ट धरा: झडपेवर मधोमध रेघ मारा, दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत.

आता त्याच तिसऱ्या उकडा. उघडतात. मागच्या बिजागरीपाशी एक लवचीक पट्टी असते, ती झडपांना कायम उघडायला बघते, आणि जिवंत प्राणी स्नायूंनी त्या मिटून धरतो. स्नायू सुटले की झडपा उघडल्या. तिसरी मेली की ती उघडते, हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच ठाऊक आहे.

लिंग्युलाला बिजागरीही नाही आणि ती पट्टीही नाही. दोन्ही झडपा फक्त स्नायूंनी एकमेकींवर बसवलेल्या असतात. त्या उघडायच्या तर शरीराच्या भिंतीचे स्नायू आवळून आतल्या द्रवाचा दाब वाढवावा लागतो. दाब पुढे सरकतो आणि झडपांची पुढची टोकं अलग होतात. बिजागरी नसल्याने त्या एकमेकींवर कात्रीसारख्या सरकूही शकतात, आणि चिखल कापत खाली जायला हीच हालचाल उपयोगी पडते. प्राणी मेला की थोड्याच दिवसांत दोन झडपा सुट्या होतात. खडकात बिजागरीचे ब्रॅकिओपॉड बहुधा मिटलेले जोडीने सापडतात, लिंग्युलाच्या घराण्यातले बहुधा सुट्या झडपांनी, ते याच कारणाने. हा एक मुद्दा लक्षात राहिला तरी पुढचं अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: ओहोटीची वेळ काढा

भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक वापरा, पण तिथीवरून अंदाज काढायची कोकणातली रीत आजही चालते. तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटचा शब्द कोष्टकाचाच.

लिंग्युलासाठी उधाणाचे दिवस निवडा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे हटतं आणि एरवी झाकलेला चिखल उघडा पडतो. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. मी पहाटेचीच निवडते. संध्याकाळी उजेड जातो आणि पाणी परत फिरतं, दोन्ही एकाच वेळी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत ओहोटी भरदुपारी येते, उजेड भरपूर मिळतो, पण पाणी पुरेसं हटत नाही.

एकटं जाऊ नका. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरायच्या आत परत निघा. पायात जुने, घट्ट बसणारे बूट हवेत. चिखलात पुरलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. सगळ्यात महत्त्वाचं, त्या खाडीवर रोज उतरणाऱ्या बायका-पुरुषांशी आधी बोला. कुठे पाय रुततो, कुठून पाणी आधी भरतं, हे कोणत्याही नकाशात नसतं. कांदळवनात किंवा संरक्षित क्षेत्रात शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्या. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानालाही हे लागू आहे.

तिसरी पायरी: फट शोधा आणि थांबा

जागा हवी बारीक वाळू आणि चिखल मिसळलेली. पाय पोटरीपर्यंत जातो असा लोण्यासारखा गाळ नको, आणि पुळणीवरची मोकळी वाळूही नको. पावलाचा ठसा स्वच्छ उमटतो आणि हळूहळू पाण्याने भरतो, असा पट्टा बघा.

तिथे उकिडवं बसा आणि समोरच्या हातभर जागेवर नजर ठेवा. चालत फिरून लिंग्युला दिसत नाही. पावलांच्या हादऱ्याने ती आधीच आत गेलेली असते. पाच-दहा मिनिटं हललं नाही तर फटी एकेक करून जाग्या होतात. आधी चिखल किंचित उचलला जातो, मग कवचाच्या पुढच्या कडेवरचे ताठ केस बाहेर येतात. हे केस एकमेकांना लागून तीन नळ्या करतात. कडेच्या दोन नळ्यांतून पाणी आत, मधल्या नळीतून बाहेर. वर उथळ पाणी साचलेलं असेल तर मधल्या भोकापाशी बारीक गाळ उडताना दिसतो. मी जिथे जाते ती जागा इथे मुद्दाम लिहीत नाही. पन्नास जणांनी फावडी घेऊन जावं असं ते ठिकाण नाही.

खाली काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा. बीळ उभं असतं, वीतभर किंवा त्याहून खोल. वरचा भाग चपटा, कारण तिथे चपटं कवच बसतं. खालचा भाग गोल, कारण तिथे देठ असतो. हा मांसल देठ कवचाच्या मागच्या टोकातून, दोन झडपांच्या मधून निघतो आणि कवचाच्या कितीतरी पट लांब होऊ शकतो. त्याचं खालचं टोक चिकट स्रावाने वाळूच्या गोळ्यात रोवलेलं असतं. सावली पडली की देठ आखडतो आणि कवच खाली ओढलं जातं. म्हणून वरून ओढून ती निघत नाही, तुटते. आणि एक गंमत म्हणजे हा प्राणी बीळ खणतो तो डोकं खाली करून, देठ मागे टाकून. खाली जातो, वळतो आणि पुन्हा वर येतो, तेव्हा कुठे तोंड पृष्ठभागाशी येतं.

जिवंत लिंग्युला खणून काढू नका. बघायचं ते सगळं वरून दिसतं. अभ्यासासाठी नमुना हवाच असेल तर तो संस्थेमार्फत, परवानगी घेऊन, एखादाच. जपानच्या आरियाके समुद्राकाठी, यानागावा परिसरात, लिंग्युला मेकाज्या नावाने खाल्ली जाते. तिकडे ते पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे. आपल्याकडे नुसत्या कुतूहलापोटी चिखल उलथायचं काही कारण नाही.

जपानचा विषय निघालाच आहे तर एक हकीकत. एडवर्ड मोर्स हा अमेरिकन अभ्यासक १८७७ मध्ये जपानला गेला तो ब्रॅकिओपॉडांसाठी. एनोशिमाला त्याने समुद्रकाठी छोटी प्रयोगशाळा थाटली. त्याच वर्षी योकोहामाहून टोकियोला जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्याला ओमोरीचा शिंपल्यांचा प्राचीन ढिगारा दिसला, आणि जपानमधल्या आधुनिक पुरातत्त्वाची सुरुवात तिथून मानतात. लिंग्युलामागे गेलेला माणूस एका देशाच्या प्राचीन इतिहासाशी जाऊन पोचला.

घोटाळा कशाशी होतो तेही बघून ठेवा. सुरीच्या पात्यासारखी लांबट शिंपली असते, तिला रेझर क्लॅम म्हणतात. तिचं भोक कुलपाच्या किल्लीच्या छिद्रासारखं किंवा इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दिसतं, तीन भोकांची फट नसते. किड्यांची बिळं गोल असतात आणि शेजारी बहुधा मातीच्या शेवया पडलेल्या असतात. किनाऱ्याला वाहून आलेल्या ओंडक्यांवर देठ असलेलं, पांढऱ्या कवचाचं लेपास लटकलेलं असतं. नवखा माणूस देठ पाहून त्याला लिंग्युला म्हणतो. पण लेपासचं कवच पाच तुकड्यांचं असतं, त्यातून वळलेले केसाळ पाय बाहेर येतात आणि ते खेकडे-कोळंबीच्या नात्यातलं आहे. देठ दिसला म्हणून लिंग्युला नव्हे.

चौथी पायरी: वाहून आलेली झडप तपासा

जिवंत प्राण्याला धक्का न लावता हातात घ्यायला मिळते ती रिकामी झडप. ती शोधायला भरतीच्या रेषेवरचा कचरा चाळा. मोठी झडप चार-पाच सेंटिमीटरची, हिरवट-तपकिरी, पातळ आणि चकचकीत. वाढीच्या रेषा टोकापासून पुढे पसरत जातात. ओली असताना किंचित वाकते, वाळली की तडकते. म्हणून घरी नेताना ओल्या फडक्यात गुंडाळा.

आता या घराण्याची सर्वांत भरवशाची खूण. तिसरी, कालव, गोगलगाय या सगळ्यांची कवचं चुन्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. लिंग्युलाचं कवच कॅल्शियम फॉस्फेटचं असतं आणि त्यात कायटिनसारख्या सेंद्रिय पदार्थाचे थर मिसळलेले असतात. आपल्या हाडा-दातांचं मूळ खनिज त्याच जातीचं.

चाचणी घरची आहे. तिसरीच्या कवचाची भुकटी करा आणि तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या ताज्या रसाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे येतात, भिंगातून स्पष्ट दिसतात. मग लिंग्युलाच्या तुटक्या कडेचा एक कण घेऊन तेच करा. बुडबुडे येत नाहीत. भुकटी करायची ती यासाठी की सौम्य आम्ल अखंड कवचावर फार सावकाश चालतं आणि नवख्याला वाटतं की काही झालंच नाही. चाचणी नेहमी फुटक्या तुकड्यावर करा, चांगल्या नमुन्यावर कधीच नाही.

पाचवी पायरी: खडकाकडे

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ही पायरी करता येणार नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ब्रॅकिओपॉड सापडला असं कोणी म्हणालं तर आधी तो दगड कुठून आणला ते विचारा.

सरावासाठी दोन ठिकाणं जवळ आहेत. कच्छचे जुरासिक थर बिजागरीच्या ब्रॅकिओपॉडांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या एका प्रजातीचं नावच कच्छीथायरिस आहे. दुसरं, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातलं बाघ. तिथल्या क्रिटेशस चुनखडकातल्या ब्रॅकिओपॉडांवर जी. डब्ल्यू. चिपळोणकरांनी १९३८ मध्ये काम केलं आणि माळव्यावरून माल्विऱ्हिंकिया ही प्रजाती बसवली. हे लिंग्युलाच्या घराण्यातले नव्हेत. पण चोच, मधली रेघ, दोन असमान झडपा हे सगळं ठसठशीत दिसतं, आणि तिसरीवर केलेली तालीम इथे पक्की होते. बाहेर जाणं जमत नसेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जीवाश्मांचे संग्रह आहेत, रीतसर पत्र देऊन विचारा. कुठे कोणता थर उघडा आहे ते पाहायला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश हे नकाशांचं संकेतस्थळ वापरा.

फॉस्फेटी कवचाचे जुने ब्रॅकिओपॉड भारतात हिमालयात सापडतात. स्पितीच्या पराहिओ खोऱ्यातले केंब्रियन थर त्यासाठी अभ्यासकांना ठाऊक आहेत. जगात बघायचं तर वेल्समधले लिंग्युला फ्लॅग्ज नावाचे पाटीसारखे खडक आणि एस्टोनियातला ओबोलस वालुकाश्म. एस्टोनियात या कवचांचा खच इतका आहे की टॅलिनजवळच्या मार्डू इथे त्यांतल्या फॉस्फेटसाठी खाण चालवली गेली. ओबोलस लिंग्युलाच्या जुन्या चुलत घराण्यातला. कवच चुन्याचं नाही, फॉस्फेटचं आहे, ही घरी लिंबाच्या रसाने पाहिलेली गोष्ट तिथे खाणीच्या आकाराची होऊन समोर येते.

थरासमोर उभं राहिल्यावर घाई करू नका. हातोडी बाहेर काढण्याआधी उघड्या पृष्ठभागावर तिरपा उजेड येतो का ते बघा. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर सूर्य खाली असतो तेव्हा फॉस्फेटी कवच लगेच चमकतं. करडा मातकट शेल, म्हणजे चिखलाचा थराथरांचा खडक, आणि त्यात काळसर, तपकिरी किंवा निळसर झाक असलेली चकाकी, नखाला वार्निश लावल्यासारखी. चुन्याचं कवच असं चमकत नाही, ते पांढुरकं आणि मंद दिसतं. चकाकी दिसली की दहापट भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरा आणि दगड डोळ्याजवळ आणा. भिंग दगडावर ठेवून वाकून बघणारे निम्मं चुकवतात.

भिंगाखाली क्रमाने हे पाहा. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का. वाढीच्या रेषा टोकापासून पुढे जातात का. टोकापाशी बिजागरीचे दात किंवा खाचा आहेत का. असतील तर हे घराणं नव्हे. मग फुटक्या कडेवर आम्लाचा थेंब. इथे जपून, कारण खडकातच चुना असू शकतो आणि बुडबुडे आजूबाजूच्या दगडातून येतात. नेमका कुठून बुडबुडा उठतो ते भिंगातून बघा. उलट, बुडबुडे आले नाहीत म्हणजे फॉस्फेट ठरलं असंही नाही. चुन्याचं मूळ कवच विरघळून त्याजागी सिलिका बसलेली असू शकते. चकाकी, सममिती आणि आम्ल, तिन्ही एका दिशेने बोलत असतील तरच पुढे जा.

आणि काढण्याआधी कवच थरात कसं बसलंय ते टिपा. बहुतेक वेळा झडपा थराला समांतर, आडव्या पडलेल्या असतात. त्या मेल्यानंतर वाहून आलेल्या किंवा बिळातून बाहेर पडून मेलेल्या प्राण्यांच्या. पण कधी थराला काटकोनात उभं, दोन्ही झडपा जोडीने असलेलं कवच दिसतं. तो प्राणी आपल्या बिळातच मेला आणि तसाच गाडला गेला. असं कवच दिसलं तर हातोडी खिशात ठेवा. आधी फोटो, रेखाटन, कोन. कवच नसेल आणि नुसतं चपटं उभं बीळ उरलं असेल तर त्यालाही स्वतंत्र नाव आहे, लिंग्युलिक्नस. खाडीत पाहिलेली फट आणि तिच्याखालचा चपटा-गोल आकार आठवा, खडकातही तेच सापडतं.

सहावी पायरी: नाव लिहिताना हात आखडता घ्या

चिठ्ठीवर "लिंग्युला" लिहायचा मोह इथेच होतो. तो टाळा. "लिंग्युलिड, प्रजाती अनिश्चित" असं लिहा.

कारण सांगते. वेल्समधल्या ज्या खडकांना लिंग्युला फ्लॅग्ज म्हणतात, त्यांतला प्राणी लिंग्युला नाही. तो लिंग्युलेला, वेगळ्या घराण्यातला. एकोणिसाव्या शतकात जिभेसारखं कवच दिसलं की त्याला लिंग्युला म्हणायची रीत पडली. १८५९ मध्ये डार्विननेही आपल्या ग्रंथात लिहिलं की सर्वांत जुन्या थरांतले नॉटिलस आणि लिंग्युला आजच्या जातींहून फारसे वेगळे नाहीत. त्यातून "पन्नास कोटी वर्षं न बदललेला प्राणी" ही समजूत पाठ्यपुस्तकांत रुजली.

नंतरच्या अभ्यासकांनी झडपांच्या आतल्या खुणा मोजल्या. स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथे झडपेवर वळ राहतात. त्या वळांची मांडणी जुन्या आणि आजच्या प्राण्यांत एक नाही. १९९३ मध्ये बिएर्नाट आणि एमिग यांनी अशाच खुणांवरून मध्यजीव काळातल्या नमुन्यांसाठी लिंग्युलारिया ही वेगळी प्रजाती केली. या दोघांचं म्हणणं सरळ होतं: लिंग्युला हा जिवंत जीवाश्म नाही. बाहेरचा आकार तसाच राहिला, कारण उभ्या बिळात सरकायला जिभेचा आकार सोयीचा आहे. आत मात्र बदल होत राहिले. २०१५ मध्ये जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधन संस्थेतल्या गटाने लिंग्युला अनाटिनाचा पूर्ण जीनोम वाचला आणि जनुकांच्या पातळीवरही ती गोठून राहिलेली नाही असंच दिसलं. हाडांसारखंच खनिज वापरत असूनही तिने ते आपल्या वाटेने, स्वतंत्रपणे मिळवलं आहे, हेही त्यातून पुढे आलं.

म्हणून प्रजातीचं नाव द्यायचं तर झडपेची आतली बाजू स्वच्छ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर घराण्यापर्यंत थांबा. अनेक संग्रहांत "लिंग्युला" अशा चिठ्ठ्या लावलेले नमुने आहेत ज्यांची आतली बाजू कोणी पाहिलेलीच नाही. त्यांत आपली एक भर नको.

सातवी पायरी: सापडलं त्याचा अर्थ लावताना

लिंग्युलिड सापडला की "इथे खाडी होती, पाणी मचूळ होतं" असा निष्कर्ष काढायची सवय आहे. सध्याची लिंग्युला पावसाळ्यात खारेपणा उतरला तरी काही काळ तग धरते, हे खरं. पण ती मुळात खाऱ्या पाण्यातली आहे, आणि ती फक्त ओहोटीच्या पट्ट्यात नाही, कायम पाण्याखाली असलेल्या तळातही राहते. शिवाय तिचं कवच सेंद्रिय द्रव्याने भरलेलं असल्याने लवकर विरतं. जीवाश्म व्हायचा तर गाळाने तिला चटकन झाकलं पाहिजे. म्हणजे खडकातल्या गर्दीतून तिथे काय घडलं हे जास्त कळतं, ती नेहमी कुठे राहत होती हे कमी.

याचं सर्वांत मोठं उदाहरण सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचं. पर्मियन काळाच्या शेवटी समुद्रातल्या बहुसंख्य जाती संपल्या, बिजागरीच्या ब्रॅकिओपॉडांचं राज्य तिथेच मोडलं. त्यानंतरच्या ट्रायासिकच्या अगदी सुरुवातीच्या थरांत जगात अनेक ठिकाणी लिंग्युलिडांच्या झडपांची दाटी दिसते. बाकीचे नाहीसे झालेल्या, प्राणवायू कमी असलेल्या तळांवर हे टिकले आणि पसरले. तिथे लिंग्युलिड दिसणं म्हणजे खाडी नव्हे, आपत्ती. म्हणून आधी सोबत काय सापडतं ते बघा. दुसरी कवचं किती प्रकारची, गाळ कसा, झडपा आडव्या की उभ्या, मोडक्या की अखंड. मग निष्कर्ष.

नोंद

प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी जागेवरच लिहा. तारीख, जीपीएस, गावाचं नाव, थर पायथ्यापासून किती वर, झडपेची दिशा, शेजारचे जीवाश्म. फोटोत मोजपट्टी हवी आणि उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपा. खाडीतल्या नोंदीत तिथी, ओहोटीची वेळ आणि एका हातभर चौकोनात किती फटी मोजल्या ते लिहा. त्याच चौकोनावर वर्षभराने परत जाता आलं तर ती वही कुठल्याही बरणीतल्या नमुन्यापेक्षा मोलाची ठरेल. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओलीने फुटते, आणि ती नमुन्याबरोबर त्याच डबीत घाला. वेगळ्या पाकिटात ठेवलेली चिठ्ठी मी एकदा हरवली आहे. त्या झडपा आजही माझ्या कपाटात आहेत, आणि त्या कुठल्या थरातल्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही.